गाडी सेल्फ घेत नाही तेव्हा

हिंगोलीहून नांदेडकडे निघाले की कळमनुरीनंतर आखाडा बाळापूर लागते. गाव बाजाराचे आणि भोवतालचा मुलूख हळदीचा. जानेवारीतील एक पहाट डोळ्यांपुढे आणा. हळद काढणीची घाई आहे, मजूर ट्रॉलीत चढून बसले आहेत, हवेत चांगलाच गारवा आहे आणि ट्रॅक्टरची चावी फिरवली तर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’.

“बॅटरी उतरली!” मालक म्हणतो. शेजारच्या दारात जीप उभी असते. “दादा, जीप जरा जवळ घेता का? वायर लावून बघू.”

पाच मिनिटांत चार माणसे गोळा होतात. एक जण घरातली वायर शोधायला धावतो. दुसरा म्हणतो, रस्त्यावरचा ट्रक थांबवा, त्याची बॅटरी मोठी असते. तिसरा लांब पाना घेऊन थेट स्टार्टरकडे वाकतो. चौथा बॅटरीत पाणी आहे का ते पाहण्यासाठी काडी पेटवतो. आणि या सर्वांच्या मधोमध, हातात टॉर्च घेऊन, बॅटरीवर तोंड वाकवून उभे केलेले असते घरातले शाळकरी पोर. ते पोर कदाचित तुम्हीच असाल. म्हणून हा लेख तुमच्यासाठी लिहीत आहे, कारण या चौघांपैकी प्रत्येक जण काही ना काही चूक करतो आहे आणि सर्वांत जास्त धोका टॉर्च धरणाऱ्याला आहे.

आधी बॅटरीच्या पोटात डोकावू. मोटारीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या आणि शिशाच्या डायऑक्साइडच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात एकाआड एक उभ्या असतात. एका कप्प्याचा विद्युत्दाब साधारण 2.1 व्होल्ट, म्हणून सहांचा मिळून 12.6 व्होल्ट. ही युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने 1859 साली शोधली. तेव्हापासून तिच्यात सुधारणा पुष्कळ झाल्या, पण मूळ रसायन तेच राहिले. बॅटरी वीज देऊ लागली की दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्लाचे पाणी होत जाते. भरलेल्या बॅटरीतील द्रवाची घनता पाण्याच्या सुमारे 1.28 पट असते, ती उतरत्या बॅटरीत 1.1 च्या आसपास येते. बॅटरीवाला काचेच्या नळीत द्रव ओढून पाहतो तो हीच घनता मोजत असतो.

आता एक कोडे सोडवा. टॉर्चमधले दीड व्होल्टचे आठ सेल ओळीने जोडले तर 12 व्होल्ट होतात. मग त्यांच्यावर ट्रॅक्टर का सुरू होत नाही? उत्तर ‘अंतर्गत रोध’ या दोन शब्दांत आहे. एका सेलचा स्वतःचा रोध पाव ओहम धरला तर आठांचा मिळून 2 ओहम. ओहमच्या नियमाने 12 भागिले 2, म्हणजे फार तर 6 ॲम्पिअर. दोन्ही टोके थेट एकमेकांना चिकटवली तरी याहून जास्त प्रवाह मिळणार नाही. उलट चांगल्या मोटार-बॅटरीचा अंतर्गत रोध ओहमच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी असतो. ती शेकडो ॲम्पिअर देऊ शकते, आणि सेल्फला नेमके तेच हवे असते. मोटारीचा सेल्फ फिरताना 150 ते 200 ॲम्पिअर ओढतो. ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन याहूनही जास्त मागते. थंडीत वंगण घट्ट होते, इंजिन फिरवायला जड जाते आणि त्याच वेळी बॅटरीतील रासायनिक क्रियाही मंदावते. उन्हाळ्याच्या उष्णतेने खिळखिळी झालेली बॅटरी जानेवारीत उघडी पडते ती अशी.

गंमत अशी की सेल्फची ही भूक मोठी असली तरी क्षणाची असते. 200 ॲम्पिअर तीन सेकंद म्हणजे 600 कूलोम, अवघे 0.17 ॲम्पिअर-तास. याउलट रात्री विसरून राहिलेले दोन पुढचे दिवे प्रत्येकी 55 वॉटचे धरले तर त्यांना 9 ॲम्पिअर लागतात. पाच तासांत 45 ॲम्पिअर-तास गेले, म्हणजे लहान मोटारीची सारी बॅटरी संपली. सेल्फ दणक्यात घेतो, दिवे हळूहळू पितात. बॅटरी उतरते ती बहुधा दिव्यांनी.

पण थांबा. बॅटरी खरोखरच उतरली आहे का? वायर शोधण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही टोकांकडे पाहा. तेथे पांढरी-हिरवट, बुरशीसारखी पूड साचली असेल किंवा पट्टा हाताने हलत असेल, तर दोष बॅटरीचा नसून जोडाचा असण्याचा फार संभव आहे. त्या सैल जोडाचा रोध 0.05 ओहम एवढाच असला, तरी 200 ॲम्पिअरला तेथेच 10 व्होल्ट खर्ची पडतात! दिवे लावून सेल्फ मारा. दिवे आधीपासूनच मलूल असतील तर बॅटरी रिकामी आहे. सेल्फ मारताच एकदम विझल्यासारखे झाले तर बॅटरी किंवा जोड, दोन्ही तपासायला हवेत. टोके स्वच्छ करून घट्ट आवळल्याबरोबर चालू झालेले कितीतरी ट्रॅक्टर जंपर केबलच्या वाटेला जात नाहीत.

आता तो वायर आणायला गेलेला गृहस्थ परत आला आहे. त्याच्या हातात कूलरच्या पॉइंटला वापरतात ती 2.5 चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर आहे. ही चालेल का? वहीत करून पाहा. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध 0.017 ओहम असतो. जायची वायर 3 मीटर आणि यायची 3 मीटर, एकूण 6 मीटर. म्हणून रोध 0.017 गुणिले 6 भागिले 2.5, म्हणजे सुमारे 0.041 ओहम. यातून 200 ॲम्पिअर न्यायचे म्हटले तर 8 व्होल्टांहून अधिक वायरीतच जिरतात आणि सेल्फच्या वाट्याला चारच उरतात. अर्थात एवढ्यावर सेल्फ 200 ॲम्पिअर ओढूच शकत नाही. बॅटरीचा रोध 0.01 आणि सेल्फचा 0.05 ओहम धरून हिशेब केला तर प्रवाह सव्वाशेच्या आसपास येतो. पण तेवढ्यानेही वायरीत सहाशे वॉटहून अधिक उष्णता निर्माण होते. जवळजवळ इस्त्रीएवढी! प्लॅस्टिक वितळते, वायर धरलेल्या हाताची कातडी सोलवटते आणि ट्रॅक्टर मात्र जागचा हलत नाही.

हीच वायर 25 चौरस मिलिमीटर जाडीची असेल तर रोध दसपटीने कमी होतो आणि 200 ॲम्पिअरला फक्त 0.8 व्होल्ट खर्ची पडतात. जंपर केबल करंगळीएवढी जाड का असते ते यावरून कळेल. बाजारात मात्र डोळे उघडे ठेवावेत. काही स्वस्त केबलींचे वरचे आवरण जाड असते आणि आत तार बारीक, तीही ॲल्युमिनियमची. जाडी प्लॅस्टिकची नव्हे, धातूची पाहायची.

आता जोडणी. येथे एक चूक अशी आहे की ती एकदाच करता येते. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके एकमेकांना आणि ऋण टोके एकमेकांना जोडायची असतात. अंधारात, घाईत, रंग उडालेल्या चिमट्यांनी धन टोक ऋणाला लागले, तर दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना साहाय्य न करता एका वर्तुळात ओळीने जोडल्या जातात. दाब झाला 24 व्होल्टांच्या जवळ, आणि वाटेत रोध फक्त दोन बॅटऱ्यांचा व केबलचा, मिळून 0.024 ओहम. भागाकार करा: हजार ॲम्पिअर! चिमट्याजवळ शिसे वितळते, अल्टरनेटरमधील डायोड जळतात, नव्या गाडीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक कायमचा निकामी होऊ शकतो आणि बॅटरी फुटण्याचीही भीती असते. म्हणून रंगावर विसंबू नये. बॅटरीच्या अंगावर कोरलेली अधिक-उणेची खूण पुसून, टॉर्चच्या उजेडात पाहावी. जुन्या काही ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत तर ऋणाऐवजी धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. ‘काळी वायर म्हणजे ऋण’ ही समजूत तेथे उलटी पडते.

काडी पेटवणाऱ्या चौथ्या माणसाकडे आता वळू, कारण खरा अपघात तेथे आहे. बॅटरी भरत आली की वीज पाण्याचे विघटन करू लागते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. किती? फॅराडेच्या नियमाने तुम्हीच काढू शकता. भरलेल्या बॅटरीत एक ॲम्पिअर प्रवाह एक तास चालू राहिला, तर एका कप्प्यात सुमारे 0.42 लिटर हायड्रोजन तयार होतो. सहा कप्प्यांचा अडीच लिटर, आणि जोडीला सव्वा लिटर ऑक्सिजन. ज्वलनाला लागणारी दोन्ही द्रव्ये, तीही अगदी योग्य प्रमाणात! हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला तरी ते मिश्रण पेट घेते. पेट्रोलच्या वाफेला पेटवायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या सुमारे दहाव्या भागाने याचे काम भागते. काडी तर सोडाच, चिमटा टेकताना उडणारी बारीकशी ठिणगीही पुरते. स्फोट झाला की बॅटरीचे झाकण उडते, प्लॅस्टिकचे तुकडे आणि गंधकाम्लाचे थेंब वर फेकले जातात. वर कोण वाकलेले असते? टॉर्चवाले पोर.

म्हणून टॉर्च धरायचाच असेल तर बाजूने, हात लांब करून, तोंड दूर ठेवून धरावा. डोळ्यांवर चष्मा असल्यास उत्तम. (आपल्याकडे टॉर्चलाही ‘बॅटरी’च म्हणतात. “बॅटरी बॅटरीवर धर” असे कोणी म्हणाले तर गोंधळून जाऊ नका.)

ठिणगी कोठे उडते? मंडल पूर्ण होते त्या शेवटच्या जोडावर. ती टाळता येत नाही, पण कोठे उडवायची हे आपल्या हाती आहे. यासाठीच जोडण्याचा एक क्रम ठरलेला आहे. लाल केबलचे एक टोक आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला. आणि शेवटचा चिमटा उतरलेल्या बॅटरीला न लावता, त्या ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडाला, बॅटरीपासून आणि डिझेलच्या नळ्यांपासून लांब. बॅटरीचे ऋण टोक आधीच सांगाड्याला जोडलेले असल्यामुळे मंडल पूर्ण होतेच; फक्त ठिणगी हायड्रोजनपासून दूर उडते. सोडवताना नेमका उलटा क्रम.

लाल आधी का? दोन्ही गाड्या रबरी टायरांवर उभ्या असतात, म्हणजे त्यांचे सांगाडे एकमेकांपासून विद्युत्दृष्ट्या अलग असतात. काळी केबल आधी जोडली तर दोन्ही सांगाडे एक होतात, आणि मग हातातील लाल चिमटा कोणत्याही लोखंडाला लागला तरी शॉर्ट होतो. याच कारणाने जीप जवळ घेताना ती ट्रॅक्टरला टेकू देऊ नये. टेकली की काळी केबल न लावताच सांगाडे जोडले गेले.

बारा व्होल्टांचा झटका बसत नाही हे खरे. कोरड्या कातडीचा रोध इतका असतो की शरीरातून जाणारा प्रवाह नगण्य राहतो. पण मनगटातील कडे किंवा बोटातील अंगठी धन टोक आणि सांगाडा यांच्यामध्ये सापडली, तर तिच्यातून शेकडो ॲम्पिअर वाहतात आणि ती क्षणात लालभडक होते. ती हातातून झटकन काढताही येत नाही. कडी-अंगठ्या आधीच काढून ठेवाव्यात.

ट्रक थांबवा म्हणणाऱ्याचे काय? मोठ्या ट्रकची आणि एस.टी. बसची विद्युत्व्यवस्था साधारणपणे 24 व्होल्टांची असते; दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. मोटार आणि ट्रॅक्टर 12 व्होल्टांचे. दुप्पट दाब लावला तर दिवे, नियंत्रक, अल्टरनेटर यांची राख होते. ट्रकवाल्याचे आभार मानून त्याला जाऊ द्यावे.

जोडणी झाल्यावर लोक लगेच सेल्फ मारतात. मदतीला आलेल्या गाडीचे इंजिन पाच-दहा मिनिटे चालू ठेवले तर तिचा अल्टरनेटर 14 व्होल्टांच्या आसपास दाब देऊन उतरलेल्या बॅटरीत थोडी वीज भरतो. प्रवाह 20 ॲम्पिअर धरला तरी दहा मिनिटांत 3 ॲम्पिअर-तासांहून अधिक जमा होतात. सेल्फच्या तीन सेकंदांना किती लागतात ते वर पाहिलेच आहे. मग सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये, आणि मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. नाहीतर सेल्फची गुंडाळीच तापून जळते. नव्या गाड्यांबाबत गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आधी वाचावी. काहींत बॅटरी आसनाखाली किंवा डिकीत असते आणि चिमटे लावण्यासाठी वेगळी टोके दिलेली असतात.

आता उरला पाना घेऊन वाकलेला तिसरा माणूस. स्टार्टरवरची दोन टोके पान्याने जोडली की सेल्फ थेट फिरतो. कित्येक मिस्त्री हे सर्रास करतात. बहुतेक ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ फिरू नये अशी योजना असते. पाना लावला की ती योजना बाजूला पडते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन सुरू होताच तो चालू लागतो, आणि पाना धरणारा माणूस उभा असतो बरोबर मागच्या मोठ्या चाकापुढे. उडी मारायला सेकंदही मिळत नाही. जगभर शेतकरी या एका सवयीपायी प्राण गमावतात. चिमट्यांच्या साऱ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे, असे मला वाटते. चालकाच्या आसनावर बसून, गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे पाहूनच सेल्फ मारावा. त्यासाठी कामाला उशीर झाला तरी होऊ द्यावा.

धक्का मारून गाडी चालू करणे हा आपल्याकडचा आवडता उपाय. ट्रॅक्टर मुद्दाम उतारावर लावून ठेवणारे शेतकरी तुम्ही पाहिले असतील. जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा जोराने दाबली की ती एवढी तापते की डिझेल आपोआप पेटते, आणि पंपही यांत्रिक असतो. म्हणून बॅटरी पूर्ण मेलेली असली तरी ते चालू होते. आधुनिक मोटारीत मात्र इंधनाचा पंप, फवारे आणि नियंत्रक हे सारे विजेवर चालतात. बॅटरीत थोडीही धुगधुगी नसेल तर मैलभर ढकला, काही होणार नाही. शिवाय इंजिन बंद असताना मोटारीचे ब्रेक दाबायला फार जड जातात, कारण त्यांना साहाय्य करणारी निर्वात पोकळी इंजिनच निर्माण करते. तेव्हा मोटार उतारावर सोडून देणे धाडसाचे आहे. दोराने ओढून चालू करणे त्याहून वाईट. मागची गाडी एकाएकी चालू होते आणि पुढच्या गाडीवर आदळते.

आणखी एक जुनी खोड सांगतो. चांगल्या गाडीची बॅटरी काढून उतरलेल्या गाडीला लावायची, इंजिन सुरू करायचे आणि चालू इंजिनावरच बॅटरी सोडवून परत न्यायची! अल्टरनेटरचा भार असा एकदम काढला की त्याचा दाब क्षणभर कित्येक पटींनी उसळतो आणि डायोड व नियंत्रक जळतात. डायनमोच्या काळी हे खपून जात असे. आता खपत नाही.

बॅटरीचे आम्ल सांडले तर? डोळ्यांत गेले असेल तर वाहत्या पाण्याखाली डोळे निदान पंधरा-वीस मिनिटे उघडे धरावेत आणि तडक दवाखाना गाठावा. डोळ्यांत सोडा वगैरे काही घालू नये. कपड्यावर उडालेला थेंब त्या वेळी काही करत नाहीसे वाटते. पण त्यातील पाणी उडून जाते, आम्ल तीव्र होत जाते आणि धुतल्यावर सुती सदऱ्याला चाळण पडलेली दिसते. जमिनीवर किंवा ट्रॅक्टरवर सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकावा. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. फेस थांबला की पाण्याने धुवावे.

बाळापूरच्या मुलांना येथे एक प्रयोग सुचवतो, साहित्य तर घरचेच आहे. टिपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. त्यावर आम्ल पडले तरी तो पिवळाच राहतो, म्हणजे नुसती हळद आम्ल ओळखत नाही. आता त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाका. कागद तांबडा होतो; हळदीचे कुंकू होते ते याच क्रियेने. या तांबड्या डागावर लिंबाचा रस पिळा, तो पुन्हा पिवळा होईल. झाला तुमचा आम्लदर्शक कागद तयार. बॅटरीभोवती पुसून घेतलेल्या ओल्या फडक्यावर आम्ल आहे की नाही, ते शिक्षकांच्या देखरेखीखाली या कागदाने तपासता येते.

ट्रॅक्टर चालू झाला, मजूर शेतावर पोचले. पण बॅटरी का उतरली, हा प्रश्न तसाच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतील मल्टिमीटर मिळाला तर संध्याकाळी बॅटरीच्या टोकांना लावून पाहा. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर ठीक आहे. साडेबाराच्या खालीच राहिले तर तो भरतच नाही, पट्टा सैल आहे का ते पाहा. इंजिन बंद करून रात्रभर तसेच राहू द्या आणि सकाळी पुन्हा मोजा. 12.6 असेल तर काळजी नाही. रात्री पूर्ण भरलेली असून सकाळी 12 वर आली असेल, तर एक तर कुठेतरी वीज गळते आहे किंवा पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसून बॅटरी कामातून गेली आहे. गळती आहे की नाही ते शोधायला बॅटरीचे ऋण टोक सोडवून आणखी एक रात्र ठेवावे लागेल.